पांढरा रंग तेवढा काढायचा होता

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सिस्टरांच्या अंगावरचे कपडे मी काढले नाहीत. मी फक्त पांढरा रंग काढला. सिस्टरांचा गणवेश पांढरा होता, हा योगायोग. आमच्या इमारतीचे अध्यक्ष डोक्यापासून बुटापर्यंत पांढऱ्यात वावरतात, हा दुसरा योगायोग. माझ्या आईचे केस पांढरे आहेत, हा तर योगायोगही नाही, वय आहे. एवढं सगळं एकाच माणसाच्या वाट्याला यावं याला मी नशीब म्हणतो. इमारतीत त्याला दुसरं नाव आहे, आणि मी जिन्यात दिसलो की ते हळू आवाजात घेतलं जातं.

प्रकरण सुरू झालं आमच्या हिच्या छंदातून. ही आधी मॅटीवर भरतकाम करायची. मॅटी म्हणजे ते चौकटी-चौकटींचं पांढरं कापड. एकेका चौकटीत फुलीचा एकेक टाका घालत गेलं की त्यातून बदक, टोपली, कौलारू घर वगैरे उभं राहतं. आमच्या घरात टीव्ही, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर, तिघांच्याही अंगावर हिची बदकं आहेत. पुढे सुईत दोरा ओवताना डोळे दगा द्यायला लागले, तेव्हा हिने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तोच उद्योग सुरू केला. पडद्यावर चौकटी, एकेक चौकोन रंगवायचा, त्यातून माणूस. याला पिक्सेल आर्ट म्हणतात आणि जगात शहाणीसुरती माणसं ते करतात, हे मला फार उशिरा कळलं. माझी समजूत एवढीच की आता दोरा लागत नाही.

बदकं संपली आणि माणसं आली. माणसं आली की गोष्ट येतेच, तशी ती आली, आणि हिने आठ पानांचं एक कॉमिक रचलं. त्यातल्या सुट्या माणसाला कॉम्प्युटरवाले स्प्राइट म्हणतात, आमच्या घरात बाहुली म्हणतात. बाहुली पांढऱ्या तुकड्यावर काढायची आणि तो तुकडा जिन्याच्या किंवा गॅलरीच्या चित्रावर ठेवायचा, अशी पद्धत. पण तुकडा ठेवला की बाहुलीमागचं पांढरंही बरोबर येतं. मग जिन्यात उभा असलेला प्रत्येक जण पाठीला उशी बांधून उभा आहे असं दिसतं. ते मागचं पांढरं काढलं की माणूस खरोखर जिन्यात उभा राहतो. एवढंच काम उरलं होतं. मागचं पांढरं काढणं.

इथे मॅटीचा एक नियम सांगायला हवा. मॅटीवर पांढरा टाका घालत नाहीत, कारण कापडच पांढरं असतं. बदक पांढरं असेल तर त्याची कड भरायची आणि आतलं कापड तसंच सोडायचं. पांढऱ्यावर पांढरा दोरा खर्च करणारी बाई हिच्या मते संसार करायच्या लायकीची नसते. हिने बाहुल्याही तशाच काढल्या. सिस्टरांची नुसती कड भरली, आतला गणवेश म्हणजे मागचंच पांढरं. हे हिने मला समजावून सांगितलं होतं. मी ‘हं’ म्हणालो होतो. लग्न मुरलं की या ‘हं’चा अर्थ दोघांनाही कळतो, फक्त तो कुणी काढून दाखवत नाही.

गोष्ट अशी, की आमच्या शेजारच्या सिस्टर रात्रपाळी करून सकाळी घरी येतात, त्यांना झोपायचं असतं आणि इमारत त्यांना झोपू देत नाही. अध्यक्ष जिन्यात भाषण ठोकतात, माझी आई काठी आपटत फेऱ्या मारते, तळमजल्यावरचे विमावाले दार वाजवून विमा विकतात, त्यात डोळ्यांवर ऊन. शेवटच्या पानावर सिस्टर झोपतात. मी पानं उलटली आणि ‘छान आहे’ म्हणालो. छान आहे हे मी वरणालाही म्हणतो.

पण चौकातल्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना ते खरोखर छान वाटलं. त्यांच्या मुलांच्या विभागाची नवी खोली तयार झाली होती. तिथल्या लांब भिंतीवर ही आठ पानं दाराएवढी मोठी करून लावू म्हणाल्या, आणि खोलीचं उद्घाटन सिस्टरांच्याच हस्ते करू. हिचं काम घराच्या बाहेर प्रथमच लागणार होतं. ही दोनदा वाचनालयात गेली आणि नुसती ती रिकामी भिंत बघून परत आली. जेवताना मध्येच मला म्हणाली, “लोक हसणार नाहीत ना हो?”

मी म्हणालो, “हसायला काय झालं? मी आहे ना.”

नेमकं त्याच सुमारास हिच्या धाकट्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि हिला गावाला जाणं भाग पडलं. बाहुल्यांचं पांढरं काढायचं राहिलं होतं. मी स्वतःहून पुढे झालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी मला तो मोठेपणा वाटत होता.

ही बॅग भरता भरता सांगत होती. “कडेकडेने खोडरबर फिरवा. ती एका टिचकीत रंग उडवणारी जादूची कांडी वापरू नका. एकेक बाहुली मोठी करून बघा. आणि मूळ पानं तशीच ठेवा, केलेलं काम दुसऱ्या नावाने जपा.”

“अगं, मी ऑफिसात आवक-जावक सांभाळतो,” मी म्हणालो.

“म्हणून तर सांगते,” ही म्हणाली. रिक्षात बसायला खाली गेली आणि परत वर आली. “शेवटचं पान जास्त जपा हं.”

मी पहिल्या संध्याकाळी प्रामाणिकपणे बसलो, हे माझ्या बाजूने नोंदवून घ्यावं. पहिली बाहुली अध्यक्षांची होती. कडेकडेने खोडरबर फिरवत मी त्यांच्या उजव्या कानापर्यंत आलो आणि कान खोडला गेला. कान परत आणला तर चष्म्याची काडी गेली. काडी आणली तर पुन्हा कान गेला. अध्यक्षांच्या कानाशी इतका वेळ त्यांच्या सौभाग्यवतीही कधी बोलल्या नसतील. पाठीचा कणा दुखायला लागला, चहा गार झाला आणि अजून डावी बाजू शिल्लक होती.

अशा वेळी विमावाले आले. ते विम्यासाठीच आले होते, पण माझी अवस्था पाहून त्यांना दया आली. त्यांच्या भाच्याचा फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे या क्षेत्रात आपला शब्द शेवटचा असं ते मानतात.

“अहो, हे काय पाटी पुसत बसलात?” ते म्हणाले. “ती कांडी घ्या.”

“ही नको म्हणाली आहे.”

“बायका गॅसलासुद्धा घाबरायच्या सुरुवातीला. घ्या कांडी. आता ही खाली बरोबरची खूण आहे ना, ती काढा. ही असली की कांडी फक्त लागून असलेलं पांढरं उचलते. काढली की पांढरं जिथे असेल तिथून जातं.”

“जिथे असेल तिथून?”

“जिथे असेल तिथून,” विमावाले म्हणाले. धोक्याची कलमं बारीक अक्षरात वाचायची त्यांना सवय आहे, पण ती दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची नाही.

मी खूण काढली आणि अध्यक्षांच्या पाठीमागे टिचकी मारली. उशी गेली. एकदम, सबंध. आईच्या मागे टिचकी मारली. गेली. पुढचा चहा गार व्हायच्या आत मी आठही पानं पुसून काढली. जिन्याच्या भिंती हिने फिकट पिवळ्या रंगवल्या होत्या. त्या पिवळ्यावर सगळी मंडळी कशी मोकळी, सुटसुटीत दिसायला लागली. एकेक बाहुली मोठी करून बघायचं होतं, पण त्यासाठी जवळचा चष्मा शोधावा लागला असता, आणि इतक्या लहान कामासाठी चष्मा शोधणं मला कमीपणाचं वाटलं. काम मूळ पानांवरच जपलं. एकाच कागदाच्या दोन प्रती ठेवणं आमच्या विभागात बेशिस्त समजतात.

हिचा फोन आला. “झालं?”

“झालं.”

“एवढ्यात?”

“मन लावून केलं.”

“शेवटचं पान?”

आता इथे मला नुसतं ‘हो’ म्हणता आलं असतं. पण यशाने माणूस सैल सुटतो. मी म्हणालो, “शेवट तर फारच सुंदर केलास. वाचून डोळ्यांत पाणी आलं.”

ही हळूच म्हणाली, “मला वाटलं नव्हतं तुम्हाला कळेल.”

मला ते कौतुक वाटलं. मी त्या रात्री एक पोळी जास्त खाल्ली.

यानंतर वाचनालयाचे नियम आडवे आले. कॉमिकमध्ये जिवंत माणसं आहेत, तेव्हा इमारतीचं संमतिपत्र हवं, असं ग्रंथपाल बाई म्हणाल्या. मी अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणाले की हा विषय सभेपुढे यायला हवा. मी म्हणालो, सभा कधी. ते म्हणाले, ती ठरवायला आधी एक सभा घ्यावी लागेल. शेवटी मी फोनवर त्यांना त्यांचं चित्र दाखवलं. नखाएवढं चित्र, त्यात तांदळाएवढे अध्यक्ष. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

“जरा रुंद दिसतोय मी.”

“भारदस्त,” मी म्हणालो.

“हं. भारदस्त ठीक आहे.” सही झाली. ते पत्र घेऊन गेलो तर बाई म्हणाल्या, शिक्का गोल हवा, हा चौकोनी आहे. चौकोनांनी माझा पिच्छा पुरवायचं ठरवलं होतं. गोल शिक्का अध्यक्षांच्या कपाटात, कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार मुलीकडे गेलेले. ते परत येईपर्यंत उद्घाटन तोंडावर आलं. छपाईवाल्याकडे पानं पाठवली तेव्हा तो फोनवर म्हणाला, “साहेब, एकदा येऊन बघून घ्या.” मी म्हणालो, “बघितलंय.” या एका शब्दासाठी मला अजून अधूनमधून घाम फुटतो.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. “जरा येऊन जाता का? तशी घाई नाही, पण लगेच या.” आई म्हणाली, मी पण येते, मला माझं चित्र बघायचंय. मी तिला नको म्हणू शकलो नाही.

पानं भिंतीवर चढलेली होती. दाराएवढी. लांबचा चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता आणि आता तो पुरेसा होता.

पहिल्या पानावर अध्यक्षांचं डोकं, दोन हात आणि बुटांचे तळवे होते. मधल्या भागात जिना होता. जिन्याच्या भिंतीवर हिने हौसेने एक पाटी रंगवली होती, ‘येथे कचरा टाकू नये’, ती बरोबर अध्यक्षांच्या छातीवर आली होती. आईचे केस गेले होते आणि त्या जागी विजेच्या मीटरची पेटी दिसत होती. सगळ्यांच्या डोळ्यांतलं पांढरं जाऊन भिंतीचं पिवळं आलं होतं, त्यामुळे अख्ख्या इमारतीला कावीळ झाली होती. विमावाले तेवढे शाबूत होते. ते चौकड्यांचा शर्ट घालतात. आणि सिस्टर. सिस्टरांचा चेहरा, कमरेचा निळा पट्टा, मनगटावरचं घड्याळ, काळे बूट, आणि भोवती एक बारीक कड. बाकी पलीकडचा कठडा.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “मला टक्कल कधी पडलं रे?”

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, पण वाचनालयाची फरशी नवी होती.

“आणि ही सिस्टर अशी का?” आईने विचारलं. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशी ती बोलते, म्हणजे शांतपणे वाचत बसलेल्या चारही टेबलांना ऐकू जाईल अशी. चारही टेबलं उठून आली. कुणीतरी हसलं. एकाने तोंडावर वर्तमानपत्र धरलं आणि ते हलायला लागलं. हिने मला एकच गोष्ट विचारली होती, लोक हसणार नाहीत ना. माझे कान असे तापले की मी ते हाताने झाकले.

मग अध्यक्ष आले. वाईट बातमी आणि अध्यक्ष यांना जिना लागत नाही. त्यांनी स्वतःच्या छातीवरची पाटी वाचली, पुन्हा वाचली. “हे जाणूनबुजून आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो अध्यक्षसाहेब, पांढरं तेवढं...”

“मी संमती मागे घेतो. पानं उतरवा.”

ग्रंथपाल बाईंनी चष्मा सरळ केला. “लावलेली वस्तू समितीच्या ठरावाशिवाय उतरवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “ठराव करायचा असेल तर सभा घ्यावी लागेल.”

“मग घ्या सभा.”

“ती ठरवायला आधी...” बाई म्हणाल्या, आणि अध्यक्ष एकदम गप्प झाले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा तोडीस तोड माणूस भेटला होता.

पुन्हा छापायचं, तर छापायचं काय? मूळ पानं मीच माझ्या हाताने पुसली होती. हिला फोन लावायला हवा होता. मी फोन खिशातून काढला आणि परत ठेवला, असं पुष्कळदा केलं. ऑफिसातून आणलेला व्हाइटनर खिशात होता, तो अध्यक्षांच्या कॉलरला लावून पाहिला. तो ओघळून पाटीवरच्या ‘कचरा’ शब्दापाशी थांबला. अध्यक्षांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाटलीचं झाकण लावलं.

तेवढ्यात दारात सिस्टर उभ्या राहिल्या. कामावर निघाल्या होत्या. गणवेश अंगावर, खांद्याला पिशवी. त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही, पण आमच्या इमारतीत न सांगता काही राहत नाही. सगळे बाजूला झाले. त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश गेल्या. मी त्यांच्या मागे आरोपीसारखा चाललो होतो.

“सिस्टर,” मी म्हणालो, “मी तुमची माफी मागतो. हिचा यात काही दोष नाही. तिने नीट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

त्यांनी चित्रातल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “वहिनींनी पट्ट्याचं बक्कलसुद्धा काढलंय,” त्या म्हणाल्या. “उजवीकडे झिजलंय माझं, तेही. एवढं माझ्या घरच्यांनी पण बघितलं नसेल.” मग माझ्याकडे वळल्या. “भाऊ, तुम्ही हे छापायच्या आधी एकदाही बघितलं नाहीत?”

मी मान खाली घातली.

“वहिनींना माहीत आहे?”

“नाही.”

त्यांनी पिशवीतून पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी काढली, जखमेवर लावतात ती, आणि कात्री काढली. “कामाला अजून वेळ आहे मला. चौकोनच आहेत ना? कापा. मी लावते.”

मग आम्ही कापायला बसलो. वाचायला आलेले लोकही बसले. हसणारे होते तेसुद्धा. एकेका चौकोनाला एकेक पट्टी. आईने स्वतःच्या डोक्याला स्वतःच्या हाताने केस लावले, आणि वयाला शोभतील त्याहून थोडे जास्तच लावले. अध्यक्ष आधी लांब उभे होते, मग जवळ आले, मग म्हणाले, “कॉलर ताठ पाहिजे माझी.” त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं त्यांनी स्वतः लावलं. सिस्टर निघून गेल्यावरही आम्ही चिकटवत होतो. वाचनालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत माणसं माणसांत आली होती. जवळून बघितलं तर दवाखान्यातून नुकती सुटल्यासारखी दिसत होती, पण लांबून ठीक होती.

दुसऱ्या दिवशी ही गाडीतून उतरून बॅगेसकट सरळ वाचनालयात आली. रात्रपाळी करून सिस्टरही थेट आल्या होत्या. फीत बांधलेली होती. मी दारातच हिला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. कांडी, खूण, विमावाले, पाटी, पट्टी. मध्ये थांबलो असतो तर पुढचं सांगायचं धैर्य झालं नसतं. फक्त विमावाल्यांचं नाव मी जरा जास्त वेळा घेतलं.

हिने ऐकून घेतलं. भिंतीशी गेली आणि अध्यक्षांच्या शर्टावरून बोट फिरवलं. मग सिस्टरांच्या गणवेशावरून. आईच्या केसांपाशी तर तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मला वाटलं, सुटलो. ही शेवटच्या पानापाशी गेली. तिथे उभी राहिली. तिथून उलटी चालत परत पहिल्या पानापाशी आली, प्रत्येक पानावर गॅलरीच्या कोपऱ्यात बघत.

“आणि मी?” ही म्हणाली.

“तू काय?”

“मी कुठे आहे?”

मी भिंतीकडे बघितलं. अध्यक्ष होते, आई होती, विमावाले होते. “तू होतीस यात?” मी विचारलं.

“प्रत्येक पानावर होते. गॅलरीत, चादर वाळत घालताना. चादर म्हणजे तो पांढरा तुकडाच, कड न भरलेला, आणि ती अंगासमोर, म्हणून वर माझी बोटं आणि खाली पाय, एवढंच दिसत होतं.”

तेव्हा मला आठवलं. पांढरं काढल्यावर प्रत्येक पानावर गॅलरीत चार तपकिरी चौकोन उरायचे, दोन वर, दोन खाली. मला ते घाण वाटले होते. मी ते आठही पानांवर अगदी निगुतीने पुसले होते. पांढरं विमावाल्यांच्या सल्ल्याने काढलं, पण हे माझ्या स्वतःच्या बुद्धीने.

“तुम्ही वाचलं होतं ना?” ही म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “डोळ्यांत पाणी आलं म्हणालात. मग सांगा, शेवटी सिस्टर झोपतात कशा?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी शेवटच्या पानाकडे बघितलं. सिस्टर पलंगावर झोपलेल्या, खिडकी सताड उघडी, उन्हाचा पिवळा पट्टा थेट उशीवर. अशा उन्हात कोण झोपेल, हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलालाही पडला असता.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मी वाचलं नव्हतं. नुसती पानं उलटली होती.”

सिस्टरांनी पिशवीत हात घालून उरलेली गुंडाळी काढली, आणि तिच्याबरोबर दुसरी एक, तपकिरी रंगाची. त्यांनी दोन्ही हिच्या हातात दिल्या आणि हिने त्या माझ्या हातात दिल्या. ग्रंथपाल बाईंनी स्टूल आणून ठेवलं. फीत तशीच बांधलेली राहिली.

मी चढलो. ही खालून सांगत होती आणि मी लावत होतो. “इथून सुरू करा. खाली या. अजून. तिथे नाही, तिथे माझी बोटं आहेत, त्यांना जागा सोडा.” पानामागून पान गेलं. पहिल्या पानावर चादर आमच्या गॅलरीच्या आत होती. पुढच्या पानावर ती दोरीवर जराशी पुढे सरकली होती. मग आणखी पुढे. आमच्या गॅलरीतून निघालेली दोरी शेजारच्या खिडकीवरून जाते हे मला, त्या घरात राहणाऱ्या माणसाला, चिकटपट्टी लावताना समजलं. शेवटच्या पानावर चादर त्या खिडकीसमोर आली आणि मी शेवटचा चौकोन लावला तेव्हा उशीवरचं ऊन झाकलं गेलं.

सिस्टर त्या पानासमोर उभ्या होत्या. रात्रभर जागलेले त्यांचे डोळे लाल झाले होते.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “मी समजायची तुमच्याकडे धुणं फार. रोज सकाळी एवढी मोठी चादर.”

“धुतलेली नसायची,” ही म्हणाली. “कोरडीच असायची. तुम्ही जिना चढताना दिसलात की घालायची, उठलात की काढायची.”

रोज सकाळी हिला गॅलरीत एवढं काय काम असतं आणि माझा चहा उशिरा का येतो, हे मला कधीच कळलं नव्हतं. मी ते बोलून मात्र दाखवायचो, आणि शेजारी कुणी झोपलेलं आहे म्हणून ही मला उलट उत्तर द्यायची नाही. स्टुलावरून उतरायला मला कुणी सांगितलं नाही, आणि माझाही पाय निघेना.